आधी पान पाह्य, बाई!

"बाई, ऐकलं काय? पाटलीणबाईचा मोगरा तगर निघाला!"

खामगाव-चिखली रस्त्यावर पेपरचे गठ्ठे उतरायच्या आत अमडापूरच्या बातम्या आमच्या मागच्या भिंतीवरून उतरलेल्या असतात. भिंत कमरेएवढी. अलीकडे मी, बदली होऊन साताऱ्याकडून इथल्या शाळेत आलेली. पलीकडे जिजी, ज्यांचं माहेर याच गावातलं आणि सासरही याच गावातलं. विरजण, कढीपत्ता, गव्हाची चाळणी आणि कुणाच्या घरी काय शिजतंय, सगळी देवाणघेवाण या भिंतीवरूनच चालते. श्रावणातली उघडीप, बल्लाळ देवीच्या टेकडीकडून सुटलेलं गार वारं आणि जिजींच्या हातात परडी. म्हणजे आजची बैठक तासाभराच्या आत आटोपणार नाही, हे मी समजून चुकले.

"तगर निघाला म्हणजे?"

"म्हंजे मोगरा म्हून आनला अन् तगर निघाली. जेठात तो टेम्पो आल्ता ना भोंगा वाजवत? 'बारमाही मोगरा, डब्बल मोगरा, बारा महिने फूल!' तिनं तीनशे मोजले. तिचं पाहून गल्लीत आनिक तिघींनी मोजले. आता झाडाले फुलं आली, पांढरीधोप, भरगच्च. पन दिवसा वासाच्या नावानं शून्य! पाटलीणबाई म्हने, पावसानं वास धुतला."

"मग कळलं कसं?"

"काल गेल्ती मी तिच्याकडे. फुलाले हातच नाही लावला. पान खुडलं, तर देठातून दुधाचा थेंब टपकला. म्हनलं, माय वं, मोगऱ्याले चीक नसते, तगरीले असते. तिचं तोंड पाह्यासारखं झालं. पन मी तरी काय करू? तिनं इचारलं म्हून सांगतलं."

विचारलं नसतं तरी जिजींनी सांगितलं असतंच, ही गोष्ट वेगळी. पण परीक्षा त्यांची पक्की. तगर, पांढरा चाफा, पिवळी कण्हेर, बांधावरची रुई ही सगळी एकाच कुळातली मंडळी. पान तोडलं की पांढरा चीक आलाच. मोगऱ्याचं कूळ वेगळं आणि त्याच्या अंगात चीक नाही. टेम्पोवाल्याला एवढीच सबब की तगरीला इंग्रजीत 'क्रेप जास्मिन' म्हणतात. नावात जास्मिन आहे म्हणून झाड काही मोगऱ्याच्या भावकीत जाऊन बसत नाही.

"जिजी, मोगरा कळला. पण जाई, जुई, कुंद यांत माझा अजून घोळ होतो. सगळी पांढरी, सगळी वासाची."

"फुलंच पाहत बसली तर सारखीच दिसन! पान पाह्य. मोगऱ्याचं पान एकलं, रुंद, जाड. जाईचं पान म्हंजे एका काडीवर दोन्ही अंगानं बारीक पानं अन् शेंड्याले एक. जाईची कळी उलटून पाह्यली तर मांगून गुलाबी झाक असते. जुईचं पान दिसाले एकलंच, पन त्याच्या बुडाशी दोन चिमुकले कान असतात. हात फिरवला तर समजते. अन् कुंद तर थंडीत फुलते. त्याची कवळी डांगी लवदार."

जुईचे ते कान वनस्पतिशास्त्रज्ञांनाही दिसले होते. तिच्या शास्त्रीय नावातलं 'ऑरिक्युलेटम' त्या कानांवरूनच आलेलं आहे. जिजींना लॅटिनची गरज पडली नाही, बोटांनी काम भागलं.

एवढ्यात त्यांचा नातू पिंट्या मोबाईल परजत आला. "आजी, कायले एवढी मेहनत? फोटो काढला का ॲप सांगते." त्यानं पाटलीणबाईंकडून आणलेलं ते फूल भिंतीवर ठेवलं, फोटो काढला आणि जाहीर केलं, "गार्डेनिया!"

"म्हंजे काय रे?"

"म्हणजे अनंत," मी म्हटलं.

"अनंत? अनंताचा वास वाड्याभर पसरते, पोट्टेहो! उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, असं हाय तुहं ॲप."

पिंट्याचा चेहरा उतरला. खरं तर दोष एकट्या ॲपचा नव्हता. खुडलेलं एकच फूल वरून दाखवलं तर डबल तगर आणि अनंत यांच्यात तेही गडबडतं. मी त्याला म्हटलं, पाटलीणबाईंच्या अंगणात जा आणि पाच फोटो काढ. एक पानाचा वरून, एक पानाचा मागून, एक पानं फांदीवर कशी बसली आहेत त्याचा, एक फुलाचा बाजूने, म्हणजे नळी दिसेल, आणि एक अख्ख्या झाडाचा. चीक दाखवायची सोय मोबाईलमध्ये नाही, ती बोटांनीच करायची. पिंट्या गेला आणि थोड्या वेळाने तगर घेऊन परत आला, म्हणजे मोबाईलमध्ये.

"बरोबर सांगतलं काय?" जिजींनी विचारलं.

"हाव."

"मंग मीच बरी. माह्या चार्जिंगची भानगड नाही."

कोपऱ्यावरून नानी येताना दिसल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी. जिजींचा आवाज एकदम खाली आला. "आली पाह्य फुलचोर. माह्या पारिजातकाखाली पाचाले बॅटरी घेऊन येते. झाड माहं, पानी माहं, अन् फुलं तिच्या देवाले! आयत्या बिळात नागोबा."

"ऐकू येते हो जिजी मले," नानी भिंतीला टेकत म्हणाल्या. "अन् मी तोडत नाही, पडलेली उचलते. पारिजातकाचं पडलेलंच देवाले चालते. तू तं झोपेल असते. फुलं तुडवल्या जाण्यापेक्षा देवापाशी गेलेली काय वाईट?"

"अन् माही जास्वंद? तेबी पडलेली होती काय?"

"ते... ते काठी लागली म्हून."

वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण नानींइतकी फुलांची वेळ गावात कुणालाही माहीत नाही. पारिजातक रात्री उमलतो आणि उजाडता उजाडता गळतो, म्हणून त्यांची पहिली फेरी अंधारात. जास्वंद सकाळी उघडते आणि बहुतेक संध्याकाळपर्यंत मिटते, म्हणून दुसरी फेरी चहानंतर. मांसल बारीक पानांचा तो चिनी गुलाब चांगलं ऊन पडल्याशिवाय डोळे उघडत नाही, ढगाळ दिवशी तर मिटूनच राहतो, म्हणून श्रावणात त्याच्या वाटेला जायचं नाही. गुलबक्षी चारनंतर. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लाल, म्हणून हाराला तिन्ही रंग हवे असतील तर सकाळी जायचं. रातराणी अंधार पडल्यावर. स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७५१ साली आपल्या ग्रंथात, फुलं उमलण्या-मिटण्याच्या वेळांवरून घड्याळ मांडता येईल, असं लिहून ठेवलं. अमडापुरात ते घड्याळ नानींच्या पिशवीत आहे. फूल ओळखताना ते कधी उमलतं हे पाहणं म्हणजे अर्धी ओळख पटली, हे मी त्यांच्याकडून शिकले. कुणाच्या घरी कोण किती वाजता उठतं, हेही त्यांच्याकडूनच कळतं, पण तो विषय वेगळा.

"बाई, परवा तू नाही आली ना?" नानी म्हणाल्या. "बँकेवाल्या साहेबाच्या घरी ब्रह्मकमळ फुललं! रातच्या दहाले सगळ्यायले बोलावलं. आरती केली, नारळ फोडला. बाईसाहेब म्हने, हिमालयातलं फूल हाय, भाग्यवंताच्याच घरी फुलते. मंग शिरा."

"शिरा कसा होता?" जिजींचा पहिला प्रश्न.

"गोड कमी."

मी म्हटलं, "नानी, ते हिमालयातलं नाही. खरं ब्रह्मकमळ हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवतं. उत्तराखंडाचं ते राज्यफूल. ते झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं, आपल्या अंगणात जगणारच नाही. आपल्याकडे कुंडीत असतं ते निवडुंग आहे, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. त्याला आपण पान म्हणतो तो खरं तर चपटा झालेला दांडा. म्हणून तर कळी पानाच्या कडेतून निघाल्यासारखी दिसते."

नानी सुन्न. "मंग नारळ वाया गेला म्हनाव काय?"

"वाया कायचा जाते?" जिजी म्हणाल्या. "नाव उसनं असन, फूल तं खरं हाय. रातभर वास देऊन सकाई मान टाकते बिचारं. त्याले नारळ फोडला तं काय बिघडलं? शिरा मात्र गोड पाह्यजे होता."

हे निवडुंग लावायला अगदी सोपं. त्या चपट्या दांड्याचा वीतभर तुकडा कापायचा, कापलेली बाजू चार दिवस सावलीत सुकू द्यायची आणि मग वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत दोन बोटं खोल खोचायचा. पाणी बेतानं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात मात्र ते पिवळं पडतं, भाजतं. त्याला झाडाखालची किंवा पूर्वेच्या भिंतीची सावली लागते. नानींनी लगेच विचारलं, "म्हंजे साहेबाच्या घरचा एक तुकडा आनला तं चालन?" जिजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

पावसाच्या पाण्यानं भिंतीजवळ डबकं साचलं होतं आणि त्यात माझ्या गुलाबाची कुंडी. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

"जिजी, याला खत कमी पडतंय का?"

"खत नाही वं. काळ्या मातीचं दुखणं हाय ते. कपाशीले चांगली, सोयाबीनले चांगली, पन कुंडीत नुसती काळी माती भरली का पावसाळ्यात फुगते, मुळ्यायले हवा भेटत नाही, अन् उन्हाळ्यात आटून कुंडीपासून सुटते, पानी कडेनं वाहून जाते. तिच्यात चुनखडी असली का लोह असूनबी झाडाले भेटत नाही. शिरा हिरव्या अन् मधात पिवळं दिसलं का समजाव."

हे शेवटचं वाक्य अकोल्याहून आलेलं. जिजींची नात तिथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकते आणि सुट्टीत आली की आजीचं शास्त्र आणि पुस्तकाचं शास्त्र यांची भिंतीवरच गाठ पडते. तिचा उपाय असा: एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा. पिवळ्या पानांसाठी लिटरभर पाण्यात अर्धा चमचा हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचा. तो नुसता चुनखडीच्या मातीत टाकला तर तिथेच अडकून पडतो, झाडापर्यंत पोचत नाही. जिजींचा उपाय त्याहून लहान: "कुंडी डबक्यातून उचल आधी."

कुंडी उचलली.

"अन् ही जास्वंद पाह्यली काय?" नानींनी काठीने फांदी ओढली. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखं काहीतरी चिकटलेलं आणि मुंग्यांची ये-जा चालू.

"पिठ्या ढेकूण," जिजी म्हणाल्या. "कपाशीवर आल्ता तोच. मुंग्या त्याच्या राखणदार. त्याच्या अंगातून गोड पानी सुटते, ते पितात अन् त्याले दुसऱ्या झाडावर घेऊन जातात."

शेतकऱ्याच्या घरात निंबोळी अर्काचं प्रमाण पाठ असतं: शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्या. अंगणासाठी तेवढं कशाला? मूठभर, म्हणजे पन्नासेक ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्याने गाळून चमचाभर कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी घालायचं आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. पण त्याआधी लागलेला शेंडा सरळ कापून दूर टाकायचा. जिजींनी तो तिथल्या तिथे कापला, आणि कापता कापता दोन फुलं नानींच्या पिशवीत टाकली. भांडण मिटल्याची ही इथली पावती.

"बाई, तुह्या शाळेत पोट्टे बिट्ट्या खेळतात काय अजून?" जिजींना एकदम आठवलं.

पिवळ्या कण्हेरीच्या त्या तिकोनी बिया. आमच्या लहानपणी साताऱ्याकडेही खेळायचो. पण हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. पिवळी कण्हेर काय आणि लाल-गुलाबी कण्हेर काय, दोन्हींचा पाला, बी, साल सगळंच विषारी, आणि ते विष थेट हृदयावर जातं. कुंपणावर पावसाळ्यात चढणारी कळलावीही तशीच. पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी देखणी फुलं, पण कंदापासून बियांपर्यंत सगळी विषारी. ओळखायची खूण पुन्हा पानातच: तिच्या पानाचं टोक वेलीच्या आकडीसारखं गुंडाळलेलं असतं आणि त्याच आकड्यांनी ती कुंपण धरून वर चढते. घरात लहान मूल असेल तर ही झाडं त्याच्या हाताला लागतील अशा जागी नकोत. शोभेला कितीतरी दुसरी आहेत.

"सदाफुलीचं कसं?" नानींचा आवाज जरा चोरटा झाला. "माह्या भाच्यानं सांगतलं, रोज सकाई पाच पानं चावली का साखर उतरते."

"चावता का काय तुम्ही?"

"दोनच."

मला हसू आवरेना, पण सांगावं लागलं. सदाफुली मादागास्करची. तिच्यातून विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं निघाली, त्यांतलं पहिलं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरलं जातं. ज्या झाडातून एवढं जालीम औषध निघतं, त्याचा पाला मनानं चावून खायचा नसतो. औषधाचं माप डॉक्टर ठरवतात, भाचा नाही. नानींनी तोंड वाकडं केलं. जिजींनी संधी साधली: "म्हूनच म्हनलं हिले पाचाले झोप काहून येत नाही!"

मग विषय गेला तालुक्याकडच्या एका कार्यक्रमावर. पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिला, त्यात बारीक पांढऱ्या फुलांची नाजूक जाळी. पाहुणे भाषणाला उठले आणि शिंकतच बसले. जिजींची सून कार्यक्रमाला गेली होती, तिनं घरी येऊन सांगितलं की ते गाजर गवत होतं! परदेशी गव्हाबरोबर आलेलं हे तण १९५० च्या दशकात पुण्यात नोंदवलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. त्याच्या स्पर्शानं अनेकांच्या कातडीला खाज सुटते, परागांनी शिंका आणि दम लागतो. गाजरासारखी चिरलेली पानं दिसली की फुलाकडे न पाहताच ओळखायचं, आणि फुलावर यायच्या आत, हातात मोजे किंवा पिशवी घालून, मुळासकट उपटायचं.

"भाषण केवढं झालं?" नानींनी विचारलं.

"शिंकेनं लवकर आटोपलं. लोक म्हने, दरसाली हाच गुच्छ द्या."

भिंतीच्या पायथ्याशी जिजींची गुलबक्षी. एकाच झाडावर पिवळं, राणी रंगाचं आणि दोन्ही रंगांच्या पट्ट्यांचं फूल. पानंही एका फांदीवर हिरवी, तर दुसरीवर हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांची. जिजी म्हणाल्या, "याचं बी घ्याचं असन तं मी चट्ट्याच्या फांदीचं घेते. तेच रोप चट्ट्याचं निघते, कधी हिरवं, कधी पांढरंबी, पन हिरव्या फांदीच्या बियातून मात्र कधीच नाही."

मी चकितच झाले. जर्मनीचे कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ साली नेमकं हेच गुलबक्षीवर दाखवलं. पराग कुठल्याही फांदीचा असो, रोपाचं पान कसं निघणार हे ज्या फांदीवर बी धरलं त्या फांदीवर ठरतं. म्हणजे ते आईकडून येतं, बापाकडून नाही. आनुवंशिकतेच्या पुस्तकांत हा प्रयोग अजून शिकवतात.

"आईवरच जाते म्हन ना सरळ!" जिजी खूश झाल्या. "सांगते आता सुनेले. पोरगं अभ्यास नाही करत तं माह्या पोरावर ढकलते ती."

पाटलीणबाई येताना दिसल्या तशी दोघी एकदम गप्प. पण त्या तक्रार घेऊन आल्या नव्हत्या, सल्ल्याला आल्या होत्या. तगर उपटून टाकायची का?

"उपटता कायले?" जिजी म्हणाल्या. "त्या टेम्पोवाल्याचं अर्धं बोलनं खरं होतं. तगर बारमाहीच असते. मोगरा उन्हाळ्याचा पाहुना, श्रावणात त्याचे दोन-चार कळे राहतात. तगर तुमाले वर्षभर देवाले फूल देईन, पानीबी कमी मांगते. राहू द्या कुंपनाशी. अन् मोगरा माह्याकडून न्या."

मग तिथेच दाब कलमाचा धडा झाला. जिजींच्या मोगऱ्याची जमिनीलगतची लवचीक फांदी वाकवली. मध्यावर, एका पेराखाली, चाकूने तिरपी खाच घेतली, खाचेत काडीचा तुकडा अडकवला, म्हणजे ती मिटणार नाही. तेवढा भाग मातीत दाबून वर दगड ठेवला, शेंडा बाहेर. दिवाळीपर्यंत मुळं फुटतील, मग आईपासून तोडून पाटलीणबाईंच्या अंगणात. हिवाळ्यात, साधारण डिसेंबरात, पाणी तोडून छाटणी करायची आणि जानेवारी संपता संपता शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. उन्हाळ्यात कळ्या मोजता येणार नाहीत. खर्च शून्य.

"शून्य कसा? आईपासून तोडाचं म्हंजे ओटी भरा लागते," नानींनी आपला वाटा लगेच पक्का केला. "शिरा करा. गोड करा."

जाता जाता पाटलीणबाईंनी दसऱ्याच्या झेंडूचं विचारलं. त्याची घाई आताच करायची. पोळ्याच्या आत रोपं जमिनीत गेली पाहिजेत, कारण बी पेरल्यापासून फुलं यायला दोन-अडीच महिने जातात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, फांद्या वाढतात आणि तोरणं भरतात. बी विकत घेण्याचीही गरज नाही. आपण झेंडूचं एक फूल म्हणतो ते असंख्य लहान फुलांचं बनलेलं असतं, म्हणून वाळलेलं एक फूल चुरडलं की मूठभर बी हातात येतं. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी पितरांच्या वाटेवर तो पसरतात, आपण दसऱ्याला दारावर बांधतो. मोठ्या फुलांच्या महागड्या संकरित वाणाचं बी मात्र धरू नये, पुढच्या पिढीत तशीच फुलं येतील याचा भरवसा नाही.

पावसाची सर आली आणि बैठक मोडली. पण वाचणाऱ्यांसाठी त्या तासाभराचा निकाल सरळ आहे. रोप घेताना विक्रेता सांगतो ते नाव ऐकून घ्या आणि पैसे काढण्याआधी एक पान खुडा. चीक येतो का पाहा, पान एकलं आहे की जोडीनं, लव आहे की खरखरीत, हे बोटाला विचारा. फूल कधी उमलतं ते दोन दिवस पाहा. मोबाईल दाखवायचाच असेल तर त्याला नुसतं फूल न दाखवता पानंही दाखवा. विषारी कण्हेर आणि कळलावी मुलांपासून लांब ठेवा. आणि पावसाळा सरायच्या आत, भोंगा वाजवत येणाऱ्या टेम्पोची वाट पाहण्यापेक्षा, शेजारणीच्या भिंतीवरून एक फांदी मागून घ्या. ते झाड कुठलं, ते कधी फुलतं आणि त्याला काय रोग होतो, हे सगळं तिला ठाऊक असतं, आणि पैसेही ती घेत नाही. फार तर शिरा मागेल.